हिवाळी नैराश्य आणि संमोहनोपचार

हिवाळी नैराश्य हा दरवर्षी ठरावीक ऋतूत परतून येणारा नैराश्याचा प्रकार आहे. तो बहुधा शरद ऋतूच्या अखेरीस किंवा हिवाळ्याच्या प्रारंभी सुरू होतो आणि वसंत ऋतूत आपोआप ओसरतो. वैद्यकीय साहित्यात तो ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ किंवा संक्षेपाने ‘सॅड’ या नावाने ओळखला जातो. मराठीत त्यासाठी ऋतुनिगडित नैराश्य किंवा ऋतुजन्य भावविकार असे शब्द वापरले जातात. संमोहनोपचार म्हणजे एकाग्र व शिथिल अवस्थेतील व्यक्तीला उपचारात्मक सूचना देऊन तिचे विचार, भावना व सवयी बदलण्यास साहाय्य करणारी मानसोपचाराची पद्धत होय.

हिवाळी नैराश्यावरील मुख्य उपचारांत प्रकाशोपचार, बोधात्मक वर्तनोपचार आणि नैराश्यविरोधी औषधे यांचा समावेश होतो. संमोहनोपचाराचे स्थान या उपचारांना पूरक असे आहे. झोपेची वेळ पाळणे, सकाळी उजेडात जाणे, दैनंदिन हालचाल टिकवणे आणि निराश विचारांचे चक्र मोडणे यांसाठी त्याचा उपयोग केला जातो. मात्र तो प्रकाशाची जागा घेऊ शकत नाही. हा विकार मुख्यतः उच्च अक्षांशांवरील प्रदेशांत आढळतो. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरसारख्या उष्णकटिबंधीय ठिकाणी हिवाळ्यात येणाऱ्या उदासीनतेचे निदान करताना अन्य कारणे आधी तपासावी लागतात.

स्वरूप व लक्षणे

हिवाळी नैराश्य हा स्वतंत्र आजार नसून पुनरावर्ती नैराश्याचा किंवा द्विध्रुवी विकाराचा ऋतुनिगडित प्रकार मानला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८७ साली ‘ऋतुनिगडित स्वरूप’ या विशेषणाचा समावेश झाला. सध्याच्या निकषांनुसार सलग किमान दोन वर्षे ठरावीक ऋतूत नैराश्याचा काळ येणे, तो ठरावीक काळाने पूर्णपणे ओसरणे आणि त्याच दोन वर्षांत इतर ऋतूंत नैराश्य न येणे आवश्यक असते.

सर्वसाधारण नैराश्यात झोप व भूक बहुधा कमी होते. हिवाळी नैराश्यात मात्र अनेकदा याच्या उलट चित्र दिसते:

• नेहमीपेक्षा जास्त झोप येणे आणि सकाळी उठणे कठीण होणे
• गोड व पिष्टमय पदार्थ खाण्याची तीव्र इच्छा होणे, वजन वाढणे
• हातपाय जड वाटणे, दिवसभर थकवा जाणवणे
• लोकांत मिसळणे टाळणे
• कामात लक्ष न लागणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे
• अपराधीपणा व निराशेची भावना. गंभीर अवस्थेत मृत्यूचे किंवा आत्महत्येचे विचार

थंडीत थोडा आळस येणे किंवा अंथरुणातून उठावेसे न वाटणे म्हणजे हिवाळी नैराश्य नव्हे. लक्षणे दिवसाचा बहुतांश वेळ, किमान दोन आठवडे टिकून राहिली आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा कौटुंबिक जीवन विस्कळीत झाले, तरच नैराश्याचे निदान केले जाते.

काही व्यक्तींमध्ये याच्या विरुद्ध, म्हणजे उन्हाळ्यात येणारे नैराश्यही आढळते. त्यात निद्रानाश, भूक मंदावणे, अस्वस्थता व चिडचिड ही लक्षणे अधिक दिसतात.

संशोधनाचा इतिहास

ऋतू आणि मनःस्थिती यांच्या संबंधाची जाणीव प्राचीन वैद्यकातही होती. आयुर्वेदातील ऋतुचर्या हे तिचे भारतीय उदाहरण आहे. तीत हेमंत ऋतू हा बल व जठराग्नी वाढवणारा काळ मानला आहे. हिवाळ्याला शक्तिपाताचा ऋतू मानणाऱ्या उत्तर युरोपीय अनुभवापेक्षा हे वर्णन वेगळे आहे.

आधुनिक काळात या विकाराचे पद्धतशीर वर्णन अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या संस्थेतील नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले. त्यांच्या शोधनिबंधात २९ रुग्णांची माहिती होती. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गहून अमेरिकेत आले होते आणि तेथील हिवाळ्यात आपली कार्यशक्ती कमी होते, असा त्यांना अनुभव आला होता. त्याआधी १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी तीव्र प्रकाशामुळे माणसाच्या शरीरातील मेलाटोनिनचे स्रवण दबते, हे दाखवून दिले होते. या दोन निष्कर्षांतून कृत्रिम तीव्र प्रकाशाने उपचार करण्याची पद्धत विकसित झाली.

कारणमीमांसा

हिवाळी नैराश्याचे एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. पुढील घटक महत्त्वाचे मानले जातात:

जैविक घड्याळ: डोळ्याच्या दृष्टिपटलातील काही विशिष्ट पेशी प्रकाशाची माहिती मेंदूतील जैविक घड्याळाकडे पोहोचवतात. हिवाळ्यात उशिरा उजाडत असल्याने हे घड्याळ मागे पडते. परिणामी झोप, शरीराचे तापमान व संप्रेरके यांचा क्रम आणि बाहेरील दिनक्रम यांचा मेळ बसत नाही.

मेलाटोनिन: अंधारात स्रवणारे हे संप्रेरक शरीराला रात्रीचा संकेत देते. काही रुग्णांमध्ये हिवाळ्यात त्याच्या स्रवणाचा काळ लांबतो.

सेरोटोनिन: मनःस्थितीशी निगडित असलेल्या या चेतापारेषकाच्या कार्यात ऋतूनुसार बदल होतात.

मानसिक घटक: मागील हिवाळ्यातील त्रासाची आठवण असलेली व्यक्ती दिवस लहान होऊ लागताच त्रासाची अपेक्षा करू लागते. ती घरात थांबते, भेटीगाठी टाळते आणि त्यामुळे तिला मिळणारा प्रकाश व आनंदाचे प्रसंग दोन्ही घटतात. संमोहनोपचार व बोधात्मक वर्तनोपचार मुख्यतः याच दुव्यावर काम करतात.

अक्षांश आणि दिवसाची लांबी

विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितका उन्हाळा व हिवाळा यांतील दिवसाच्या लांबीचा फरक वाढतो. वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसाची अंदाजे लांबी पुढीलप्रमाणे आहे:

• श्रीरामपूर (सुमारे १९.६° उत्तर): १० तास ५७ मिनिटे, १३ तास १९ मिनिटे
• शिकागो (सुमारे ४१.९° उत्तर): ९ तास ८ मिनिटे, १५ तास १४ मिनिटे
• टोरोंटो (सुमारे ४३.७° उत्तर): ८ तास ५५ मिनिटे, १५ तास २६ मिनिटे
• लंडन (सुमारे ५१.५° उत्तर): ७ तास ५० मिनिटे, १६ तास ३८ मिनिटे

श्रीरामपुरात डिसेंबरमध्ये सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. लंडनमध्ये त्याच काळात तो आठनंतर उगवून चारच्या आत मावळतो. शाळा, महाविद्यालय किंवा कार्यालयात जाणारी व्यक्ती तेथे अंधारात घर सोडते आणि अंधारातच परतते.

प्रकाशाची तीव्रताही महत्त्वाची असते. घरातील किंवा कार्यालयातील प्रकाश साधारणपणे १०० ते ५०० लक्स असतो, तर भर उन्हात तो १ लाख लक्सपर्यंत जातो. ढगाळ दिवशीही मोकळ्या जागेतील प्रकाश घरातील प्रकाशापेक्षा कितीतरी पट अधिक असतो.

अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दक्षिणेकडील फ्लोरिडा राज्यात हिवाळी नैराश्याचे प्रमाण १.४ टक्के, तर उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरमध्ये ९.७ टक्के आढळले. तथापि, अक्षांशाचा संबंध सर्वत्र इतका सरळ नाही. आइसलँडमध्ये अपेक्षेपेक्षा कमी प्रमाण आढळले असून, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी विश्लेषणात नैराश्याचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी ठळक संबंध दिसला नाही. त्यामुळे या विकाराच्या व्याप्तीविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

संमोहनाची पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्झ मेस्मर या वैद्याने ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाची अदृश्य शक्ती वैद्याकडून रुग्णाकडे वाहते, असा सिद्धान्त मांडला. फ्रेंच राजाने नेमलेल्या आयोगाने १७८४ मध्ये त्याची तपासणी केली व अशी शक्ती अस्तित्वात असल्याचा पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला.

संमोहनाच्या आधुनिक आकलनात गोव्याचे जुझे कुस्तोदियु द फारिया अर्थात आबे फारिया (१७५६–१८१९) यांचे योगदान मोलाचे आहे. त्यांचा जन्म बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे झाला. लिस्बन व रोम येथे शिक्षण घेऊन ते पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झाले आणि १८१३ पासून तेथे त्यांनी संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिके केली. संमोहित अवस्था प्रयोगकर्त्याच्या अंगच्या कोणत्याही शक्तीमुळे येत नसून ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातून, एकाग्रता व सूचना यांच्या योगे निर्माण होते, हे त्यांचे प्रतिपादन होते. पणजी येथे जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा असून तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आहे.

स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात संमोहनासाठी आज रूढ असलेली ग्रीक मूळ असलेली इंग्रजी संज्ञा लोकप्रिय केली. याच दशकात जेम्स एस्डेल यांनी बंगालमधील हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने वेदनाशमन करून अनेक शस्त्रक्रिया केल्या. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील इपॉलित बेर्नेम यांनी सूचनेचा सिद्धान्त विस्ताराने मांडला. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ साली वैद्यकीय संमोहनाच्या मर्यादित व प्रशिक्षित वापराला अनुकूल अहवाल दिला.

महाराष्ट्रात सर्वसामान्यांना संमोहनाची ओळख मुख्यतः रंगमंचीय प्रयोगांतून झाली. ‘संमोहनकार दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतो’ हा समज त्यातूनच रूढ झाला. वैद्यकीय संमोहनात व्यक्ती झोपलेली किंवा बेशुद्ध नसते. तिला आजूबाजूचे भान असते आणि न पटणारी सूचना ती नाकारू शकते.

उपचारपद्धती

हिवाळी नैराश्यासाठी संमोहनोपचार घेणाऱ्या व्यक्तीवर साधारणपणे पुढील टप्प्यांनी उपचार केले जातात:

१. पूर्वतपासणी: लक्षणे कोणत्या महिन्यात सुरू होतात व केव्हा संपतात, पूर्वी उन्मादाचा काळ येऊन गेला आहे का, आत्महत्येचे विचार आहेत का, थायरॉइड किंवा रक्तक्षयासारखा शारीरिक आजार आहे का, यांची माहिती घेतली जाते.

२. पूर्वतयारी: संमोहनाविषयीचे गैरसमज दूर केले जातात आणि उपचाराची उद्दिष्टे ठरवली जातात.

३. प्रवेश: श्वासावर किंवा एखाद्या बिंदूवर लक्ष केंद्रित करून स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्यास सांगितले जाते.

४. सखोलीकरण: पायऱ्या उतरणे, आकडे मोजणे किंवा परिचित शांत जागेची कल्पना करणे अशा मार्गांनी एकाग्रता वाढवली जाते.

५. उपचारात्मक सूचना: व्यक्तीच्या अडचणीनुसार सूचना दिल्या जातात. ‘तुम्ही आनंदी व्हाल’ अशा मोघम विधानापेक्षा ठोस कृतीशी जोडलेली सूचना अधिक उपयुक्त मानली जाते. उदाहरणार्थ, गजर वाजताच पाय जमिनीवर टेकणे, पडदा सरकवणे, चहापूर्वी अंगणात किंवा गच्चीवर जाणे या कृतींची साखळी मनात अनेकदा उभी केली जाते.

६. भविष्यकल्पन: येणारा हिवाळा आपण कसा पार पाडत आहोत, याचे तपशीलवार चित्र व्यक्ती मनात रंगवते. त्यामुळे ‘यंदाही तसेच होणार’ या अपेक्षेची पकड सैल होण्यास मदत होते.

७. समापन व स्वसंमोहन: व्यक्तीला सावकाश पूर्ववत अवस्थेत आणले जाते आणि घरी रोज करण्यासाठी स्वसंमोहन शिकवले जाते.

सूचना व्यक्तीच्या मातृभाषेत आणि तिच्या परिचयाच्या प्रतिमांतून देणे सोयीचे ठरते. श्रीरामपूर परिसरात वाढलेल्या व्यक्तीसाठी कालव्याच्या कडेची सकाळ किंवा शेतावरचे कोवळे ऊन ही जिवंत स्मृती असू शकते. बर्फाच्छादित डोंगराची तयार ध्वनिफीत तिच्यासाठी तितकी अर्थपूर्ण ठरेलच असे नाही.

सर्व व्यक्ती सारख्याच प्रमाणात संमोहनक्षम नसतात. संमोहनक्षमता मोजण्यासाठी वाइत्झेनहोफर व हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्टॅनफर्ड मापनश्रेणी वापरल्या जातात. बहुसंख्य लोक मध्यम संमोहनक्षम असतात, तर अत्युच्च व अत्यल्प क्षमतेच्या व्यक्तींचे प्रमाण कमी असते.

परिणामकारकतेचा पुरावा

संमोहनोपचाराविषयीचा पुरावा पाहताना ‘नैराश्य’ आणि ‘हिवाळी नैराश्य’ यांत फरक करणे आवश्यक आहे.

सर्वसाधारण नैराश्याबाबत काही आश्वासक अभ्यास झाले आहेत. कॅनडातील असेन अलादीन यांनी संमोहन व बोधात्मक वर्तनोपचार यांची सांगड घालणारी पद्धत विकसित केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ८४ रुग्णांवरील अभ्यासात या संयुक्त पद्धतीचा परिणाम केवळ बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा काहीसा अधिक आढळला. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या १५२ रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संमोहनोपचार हा बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे दिसून आले.

या अभ्यासांचे निष्कर्ष हिवाळी नैराश्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. त्यांतील रुग्ण ऋतुनिगडित विकाराच्या निकषावर निवडलेले नव्हते. शिवाय हिवाळी नैराश्य वसंतात आपोआप ओसरत असल्याने फेब्रुवारीत सुरू केलेला कोणताही उपचार एप्रिलमध्ये यशस्वी झाल्यासारखा भासू शकतो. उपचाराचा खरा परिणाम ओळखण्यासाठी त्याच काळातील तुलनागट आणि पुढील हिवाळ्यांतील पाठपुरावा आवश्यक असतो.

अपेक्षेचा परिणाम हाही विचारात घ्यावा लागतो. बरे वाटेल या विश्वासाने लक्षणे काही अंशी कमी होतात. संमोहनात सूचनेच्या रूपाने अपेक्षेचाच हेतुपुरस्सर वापर केला जात असल्याने, विशिष्ट तंत्राचा परिणाम व अपेक्षेचा परिणाम वेगळे काढणे अवघड ठरते.

प्रस्थापित उपचार

प्रकाशोपचार: सकाळी उठल्यावर लवकर सुमारे १०,००० लक्स तीव्रतेच्या, अतिनील किरणे गाळलेल्या दिव्यासमोर साधारण ३० मिनिटे बसणे ही प्रचलित पद्धत आहे. डोळे उघडे ठेवावे लागतात, पण दिव्याकडे थेट पाहण्याची गरज नसते. डोकेदुखी व डोळ्यांवर ताण हे त्याचे काही दुष्परिणाम आहेत. दृष्टिपटलाचे विकार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी तो वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा लागतो.

औषधे: कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रकाशोपचार व फ्लुऑक्सेटिन हे औषध यांना मिळालेला प्रतिसाद सारखाच, म्हणजे ६७ टक्के होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिवाळी नैराश्याच्या प्रतिबंधासाठी ब्युप्रोपिऑन या औषधाच्या दीर्घप्रभावी स्वरूपास मान्यता दिली.

बोधात्मक वर्तनोपचार: केली रोहन व सहकाऱ्यांनी १७७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत या उपचाराचा तात्कालिक परिणाम प्रकाशोपचाराइतकाच आढळला. दोन हिवाळ्यांनंतर मात्र नैराश्य परतण्याचे प्रमाण प्रकाशोपचाराच्या गटात ४५.६ टक्के, तर बोधात्मक वर्तनोपचाराच्या गटात २७.३ टक्के होते. शिकलेले कौशल्य पुढील वर्षीही उपयोगी पडते, असा याचा अर्थ लावला जातो. स्वसंमोहनाच्या समर्थकांचा तर्कही असाच आहे. परंतु तो अशा दीर्घकालीन चाचण्यांवर आधारलेला नाही.

श्रीरामपूर परिसर व महाराष्ट्र

श्रीरामपूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. भंडारदरा धरणाच्या पाण्यावरील प्रवरा कालव्यांमुळे या भागात ऊसशेती व साखर उद्योग वाढीस लागला. येथील हिवाळा कोरडा आणि बहुतांशी निरभ्र असतो. थंडीच्या लाटेत जिल्ह्यातील रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जात असले, तरी दुपारी भरपूर ऊन असते. ढगाळ दिवस हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यात अधिक असतात.

म्हणून या भागात दरवर्षी हिवाळ्यात उदास होणाऱ्या व्यक्तीबाबत प्रकाशाची कमतरता हेच कारण गृहीत धरता येत नाही. हिवाळा हा येथील अर्थजीवनातील धावपळीचा काळ आहे. उसाचा गळीत हंगाम, तोडणीची प्रतीक्षा, रब्बी पिके व कांद्याची लागवड, त्यासाठीचे कर्ज आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत फेब्रुवारी–मार्चमधील मंडळाच्या परीक्षा हे सारे याच महिन्यांत येते. ऊसतोड कामगारांची कुटुंबे याच हंगामात गाव सोडून फडावर राहतात. निदानाच्या निकषांनुसार, दरवर्षी ठरावीक ऋतूत येणाऱ्या बेरोजगारीसारख्या सामाजिक ताणामुळे उद्भवणारे नैराश्य ऋतुनिगडित प्रकारात मोडत नाही.

हा फरक केवळ नावापुरता नाही. कर्जाच्या ताणाने खचलेल्या शेतकऱ्याला ‘हिवाळ्याचा परिणाम’ समजून केवळ शिथिलीकरणाच्या सूचना दिल्यास मूळ प्रश्न तसाच राहतो आणि वेळेत न झालेले निदान जीवघेणे ठरू शकते. त्याचप्रमाणे एखाद्या आप्ताच्या मृत्यूची तिथी, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, मधुमेह, मद्यपान आणि घरातील हिंसा ही कारणेही तपासावी लागतात.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) १२ राज्यांची पाहणी झाली. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. या सर्वेक्षणानुसार तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के व्यक्तींना उपचार मिळत नव्हते. अशा परिस्थितीत ग्रामीण भागातील पहिली गरज योग्य निदान व मूलभूत उपचार उपलब्ध होणे ही आहे. श्रीरामपूरलगतच्या राहाता तालुक्यात लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. सार्वजनिक व्यवस्थेत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे मानसोपचार सेवा पुरवली जाते.

परदेशस्थ मराठी भाषक

शिक्षण व नोकरीसाठी महाराष्ट्रातून ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, जर्मनी व स्कँडिनेव्हियातील देशांत जाणाऱ्यांना प्रकाशाचा खरा ऋतुबदल प्रथमच अनुभवावा लागतो. सप्टेंबरमध्ये पोहोचलेला विद्यार्थी दोन-तीन महिन्यांतच सर्वांत लहान दिवसांना सामोरा जातो. त्याच वेळी घरापासूनचे अंतर, भाषा, खर्च व अभ्यास यांचा ताण असतो. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यातील उदासीनता ऋतूमुळे आहे की स्थलांतरामुळे, हे लगेच ठरवता येत नाही. किमान दोन वर्षांचा निकष येथे उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियात ऋतुक्रम उलट असल्याने तेथे हा काळ जून ते ऑगस्टमध्ये येतो.

मायदेशी फोनवर बोलताना ‘थंडी सोसत नाही’, ‘झोपच पुरत नाही’ अशा शारीरिक तक्रारी मांडल्या जातात आणि कुटुंबीयांना त्यामागील नैराश्य लक्षात येत नाही. मराठीत दूरस्थ पद्धतीने समुपदेशन किंवा स्वसंमोहनाचे मार्गदर्शन मिळणे अशा वेळी भाषेच्या दृष्टीने साहाय्यक ठरू शकते. मात्र औषधे, आपत्कालीन मदत व प्रकाशोपचार यांसाठी त्या देशातील आरोग्य व्यवस्थेशी संपर्क आवश्यक असतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९३२) आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९८१) यांसारख्या संस्थांचे दिवाळी व संक्रांतीचे कार्यक्रम नेमके अंधाऱ्या महिन्यांत येतात. ते उपचार नसले, तरी एकटेपणा कमी करणारा सामाजिक आधार म्हणून त्यांना महत्त्व आहे.

मर्यादा व धोके

• उपचारास विलंब: संमोहनोपचाराचा सर्वांत मोठा धोका अप्रत्यक्ष आहे. त्यावर विसंबून परिणामकारक उपचार लांबणीवर पडल्यास नैराश्य तीव्र होऊ शकते.
• औषधे परस्पर बंद करणे: संमोहन सुरू केल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषधे थांबवल्याने लक्षणे उलटू शकतात.
• द्विध्रुवी विकार: हिवाळ्यात नैराश्य व वसंत किंवा उन्हाळ्यात अतिउत्साह असा क्रम असल्यास वेगळे उपचार लागतात.
• मनोविकृती: भ्रम किंवा भास असलेल्या व्यक्तींना संमोहनोपचार सामान्यतः दिला जात नाही.
• खोट्या स्मृती: संमोहनाद्वारे ‘विसरलेल्या’ किंवा ‘पूर्वजन्मीच्या’ घटना शोधण्याच्या प्रयत्नांत काल्पनिक स्मृती निर्माण होऊ शकतात. हिवाळी नैराश्याच्या उपचारात अशा शोधाची आवश्यकता नसते.
• अतिरंजित दावे: एका बैठकीत किंवा कायमस्वरूपी बरे करण्याच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये काढलेल्या आदेशात संमोहनोपचाराला स्वतंत्र वैद्यकशाखा न मानता उपचाराची एक पद्धत मानले असून, नोंदणीकृत व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी तिचा वापर करावा अशी भूमिका घेतली आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात व औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यांना असतो. केवळ अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रामुळे कोणीही नैराश्याचे निदान करण्यास पात्र ठरत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार शासकीय निधीतून चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा प्रत्येक व्यक्तीला अधिकार आहे, तसेच उपचाराविषयी गोपनीयतेचाही अधिकार आहे.

तातडीची मदत

आत्महत्येचे विचार, अन्नपाणी सोडणे, भास होणे किंवा स्वतःची काळजी घेता न येणे ही लक्षणे दिसल्यास संमोहनाच्या बैठकीची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन पुरवते.

हे सुद्धा पहा

• नैराश्य
• संमोहन
• आबे फारिया
• प्रकाशोपचार
• द्विध्रुवी विकार
• ऋतुचर्या
• श्रीरामपूर